तेंदूची काठी, मोहाचा चेंडू

गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. जपमाळेत मणी असतात तेवढा. १८९१ साली सेंट अँड्र्यूजच्या स्कॉटिश मंडळींनी सव्वाचार इंच हे माप कायम केलं तेव्हा त्यांच्यापुढे कुणाची जपमाळ नव्हती, पण एकदा वाचल्यापासून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला सिंदेवाही तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. आदल्या दिवशी पाडव्याचं गायगोधन झालेलं, जनावरांच्या खुरांनी अंगण उकरून गेलेलं, म्हणून बहिणीने पहाटे उठून ते पुन्हा सारवलं होतं. ऊन चढलं, शेण सुकलं आणि अंगण असं काही नितळ झालं की माझे हात शिवशिवायला लागले. गाडीतून पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायची काठी, काढला, चार चेंडू काढले, भोकाच्या जागी स्टीलचा पेला आडवा ठेवला. पेल्याचं तोंड मोजलं तर साडेसात सेंटीमीटर. म्हणजे खऱ्या भोकापेक्षा बरंच लहान. म्हटलं, चांगलंच आहे, इथे जमलं तर कुठेही जमेल.

बहिणीची सासू ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. माझे चारही चेंडू पेल्याच्या आजूबाजूने निघून तुळशीवृंदावनापाशी जमले, तेव्हा ती म्हणाली, "काहून जी भाऊ, चेंडूले तहानच नाही तं कायले पाणी पाजता?"

त्यात भाच्याने आणखी गोंधळ केला. मी त्याला सांगितलं होतं, या फटक्याला 'पट' म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली होती आणि २०२१च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली, त्यामुळे अलीकडे हा शब्द गावात नव्या जोमाने ऐकू येतो. भाचा गल्लीत सांगून आला की मामाचा आज अंगणात पट आहे. थोड्या वेळाने दोघेजण खरोखर बैलजोडी पाहायला आले आणि माझ्या हातातली काठी बघून परत गेले.

मी नोकरीच्या निमित्ताने पंचवीस वर्षं पुण्याकडे काढली. चाळिशी उलटल्यावर एका छावणीच्या मैदानावर हा खेळ शिकलो. म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवला आणि मी पैसे भरले. निवृत्त होऊन चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला परतलो तेव्हा मैदान मागे राहिलं, पिशवी तेवढी सोबत आली. ही पिशवी खांद्याला लावून बसस्टँडवर उभं राहिलं की लोक बंदूक समजतात. एकदा आलापल्लीच्या रस्त्यावर एका वननाक्यावर पिशवी उघडून दाखवावी लागली. आतल्या काठ्या सगळ्या लोखंडी, एकच लाकडी: पुण्याच्या जुन्या बाजारातून हौसेने घेतलेला, लांब फटक्याचा जुनाट ड्रायव्हर. वनरक्षकाने त्याचं डोकं तळहातावर तोललं, नखाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "तेंदूच्या नात्यातलं लागते जी हे."

मी हसलो. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा हसू ओसरलं.

गोल्फच्या लांब पल्ल्याच्या काठ्यांना 'वूड' म्हणतात, कारण त्यांची डोकी लाकडाची असत. सगळ्यांत मानाचं लाकूड पर्सिमनचं. अमेरिकेत वाढणारं हे झाड डायोस्पायरॉस प्रजातीतलं आणि आपला तेंदूही डायोस्पायरॉसच. घट्ट, वजनदार, आघाताने न फुटणारं लाकूड हा या घराण्याचा गुण. १९७९ साली टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा वूड बाजारात आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड गेलं, नाव राहिलं. आज वूड नावाची काठी टायटॅनियमची असते. आमच्याकडे मे महिन्यात ज्या झाडाची सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधले जातात, ज्याची टेंभरं पोरं खिशात भरून आणतात, त्याचा चुलतभाऊ शंभर वर्षं जगभरच्या हिरवळींवर चेंडू टोलावत होता.

चेंडूचं नातं तर मोहाशी. मोहाच्या हिरव्या फळाला काटा टोचला की पांढरा चीक येतो, तो बोटाला चिकटतो आणि वाळला की रबरासारखा ओढला जातो. या सपोटेसी कुळातली बरीच झाडं अशी चिकाळ. मलायातलं गटापर्चाचं झाड त्यातलंच. १८४८च्या आधी गोल्फचा चेंडू म्हणजे कातडी पिशवीत हंसाची पिसं ठासून भरलेला गोळा. कारागिराचे दिवसाला तीन-चारच होत, त्यामुळे महाग, आणि भिजला की फुटे. मग गटापर्चा उकळून, हाताने गोल वळून चेंडू करायला लागले आणि खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला. याची एक गोष्ट सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या एका घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्या घरातल्या मुलाने त्या तुकड्यांचा पहिला चेंडू केला. गोष्ट खरी की रचलेली यावर इतिहासकार भांडतात. मला ती खरी असलेली आवडेल. पुढे रबराच्या धाग्याचा चेंडू आला तेव्हा त्याच्या वेष्टनाला बलाटा वापरू लागले. तो चीकही चिकूच्या भाऊबंदातल्या झाडाचा, म्हणजे पुन्हा मोहाचंच कूळ.

हे सगळं ऐकल्यावर बहिणीची सासू म्हणाली, "मंग आमचंच हाय ना ते." मला वाटतं, यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

तर खेळ आपलाच आहे असं समजून चालू आणि तो सुधारायचा कसा ते बघू. या विषयावर पुस्तकं आणि व्हिडिओ इतके आहेत की ते बघूनच माणूस बिघडतो. माझं स्वतःचं मत एवढंच: गोल्फ मैदानावर नंतर सुधारतो, आधी अंगणात सुधारतो. याला साधा हिशेब आहे. अठरा भोकांच्या बहुतेक मैदानांचं ठरलेलं माप, ज्याला 'पार' म्हणतात, ७२ फटक्यांचं. त्यात प्रत्येक भोकाला दोन याप्रमाणे ३६ पट धरलेले असतात. निम्मा खेळ जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचा. असं असून सरावाला गेलेला माणूस तासातली पंचावन्न मिनिटं ड्रायव्हरने चेंडू क्षितिजापलीकडे घालवण्यात काढतो आणि उरलेली पाच चहात. मीही हेच करत होतो.

ज्यांना पटत नसेल त्यांनी गोल्फपटू अदिती अशोकची टोकियो ऑलिंपिकमधली कामगिरी आठवावी. २०२१च्या ऑगस्टमध्ये सकाळी सकाळी सगळा देश, ज्याला बर्डी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, टीव्हीपुढे बसला होता. जागतिक क्रमवारीत ती दोनशेव्या क्रमांकाची. फटक्याच्या लांबीत बहुतेक जणींच्या मागे. पिशवी उचलायला आई. आणि तरी चौथ्या दिवसाच्या शेवटच्या भोकापर्यंत ती पदकाच्या शर्यतीत होती. एका फटक्याने कांस्य हुकलं. ती तिथवर पोचली ती पटरच्या जोरावर. किंवा कोलकात्याचा शिव शंकर प्रसाद चौरसिया घ्या. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा १८२९चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. तिथे त्याचे वडील हिरवळ राखत. अंगाने लहान, फटका आखूड. पण भोकाभोवतीचं काम असं की सोबत्यांनी त्याचं नाव 'चिपपटसिया' ठेवलं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने इंडियन ओपन जिंकली.

आता अंगणाकडे.

पहिली गोष्ट पकड. गोल्फच्या प्रत्येक पुस्तकात काठी किती हलकी धरायची हे सांगायला पक्ष्याची नाहीतर टूथपेस्टच्या नळीची उपमा असते. मला ते कधी कळलं नाही. कळलं ते बहिणीच्या धानाच्या बांधीत, रोवण्याच्या दिवसांत. रोवणा करणारी बाई डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी धरते आणि उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवून चिखलात खोचते. पेंडी घट्ट धरली तर काडी सुटत नाही, मुळं तुटतात. सैल धरली तर सगळीच चिखलात सांडते. दिवसभर कमरेत वाकून ती त्या एका पकडीवर असते आणि तिचं मनगट दुखत नाही. काठी तशी धरायची. पटरवर जेमतेम तेवढीच आणि मोठ्या फटक्यालाही त्याहून फार घट्ट नाही. पकड आवळली की ताण मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढतो आणि खांदा आखडला की फटक्याचं वाटोळं झालंच.

दुसरी गोष्ट डोळा. चेंडूवर वाकून उभं राहायचं आणि दोन डोळ्यांच्या मधोमध धरलेला दुसरा चेंडू सोडून द्यायचा. तो खालच्या चेंडूवर, नाहीतर त्याच्या किंचित अलीकडे, आपल्या पायांच्या बाजूला पडला तर ठीक. पलीकडे पडला तर आपण फार झुकलोय. माझा पहिल्या दिवशी चार बोटं पलीकडे पडला. इतकी वर्षं मी चेंडूच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो आणि रेघ सरळ दिसते असं समजत होतो.

मग झोका. पट मारायचा नसतो, सोडायचा असतो. ओसरीच्या तुळईला बांधलेला पाळणा कसा जातो येतो, तशी खांद्यापासून काठी जावी आणि यावी, मनगट मध्ये बोलू नये. अंतर कमी-जास्त करायचं तर झोका लहान-मोठा करायचा, जोर नाही वाढवायचा. हे एक वाक्य ज्याला अंगवळणी पडलं त्याचे एका फेरीत पाच-सहा फटके सहज वाचतात. कारण तीन-तीन पट पडतात ते दिशा चुकल्यामुळे क्वचित, अंतर चुकल्यामुळे नेहमी. दहा पावलांवरून चेंडू कडेने एक वीत चुकेल, पण लांबीत तो चार हात अलीकडे राहतो नाहीतर चार हात पुढे पळतो. म्हणून मी पेला काढून टाकला. तीन पावलांवर, सहा पावलांवर आणि नऊ पावलांवर खडूने रेघा ओढल्या आणि चेंडू रेघेवर थांबवायचा एवढाच खेळ लावला. नंतर डोळे मिटून मारायचा आणि डोळे उघडण्याआधी सांगायचं, अलीकडे की पलीकडे. भाचा यात माझ्यापेक्षा लवकर पुढे गेला.

सारवलेल्या अंगणाचं एक गुपित आहे. सारवणारा हात अर्धगोल फिरतो आणि शेणामातीत त्याचे पंखे उमटतात. उन्हाच्या तिरप्या उजेडात बघितलं तर दिसतात. चेंडू पंख्याच्या ओघाने गेला तर सुळसुळत जातो, ओघाविरुद्ध गेला तर अडखळतो. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवरच्या बर्म्युडा गवतालाही असाच ओघ असतो आणि तो वाचता येणं ही मोठी विद्या समजतात. आपल्याकडच्या कोरड्या छावण्यांत तर एकेकाळी पाण्याअभावी भोकाभोवती हिरवळ नसायचीच. तेल पाजून दाबलेली वाळू असायची, तिला 'ब्राऊन' म्हणत. अशाच छावणीच्या, बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या महूचा मुकेश कुमार २०१६च्या डिसेंबरात, वयाच्या ५१व्या वर्षी, आशियाई टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकला. मखमली हिरवळ नाही म्हणून खेळ येत नाही, ही तक्रार त्याच्यापुढे टिकत नाही.

दुपारी आम्ही बांधीत गेलो. हलकं धान कापून झालं होतं, भारी अजून उभं होतं. कापलेल्या बांधीत धसकटं, खाली कडक माती. इथे चिप शिकायचा होता: भोकापासून वीस-तीस पावलांवरून चेंडू थोडा उचलायचा आणि उरलेलं अंतर घरंगळू द्यायचा. मी भाच्याला आधी करून दाखवायला गेलो. चेंडू उंच उडावा म्हणून काठी खालून वर काढली. ती आधी मातीत रुतली, मग उसळून चेंडूच्या डोक्यावर बसली आणि चेंडू कमरेच्या उंचीने सुसाट जाऊन शेजाऱ्याच्या धानाच्या पुंजण्यात घुसला. तो आम्हाला मिळाला नाही. मळणीत मिळाला असेल. शेजारी सभ्य माणूस, काही बोलला नाही.

ही चूक जगातला प्रत्येक नवखा करतो आणि आपला माणूस जास्त करतो, कारण तो इटीदांडूत वाढलेला असतो. गलीवरची विटी कोलून उचलायची, उडाल्यावर टोला द्यायचा, सगळा हात खालून वर. गोल्फच्या काठीचं पातं मात्र आधीच तिरकं असतं. सात नंबरच्या लोखंडी काठीलाही चेंडू उचलण्यापुरता तिरकसपणा आहे. चेंडू उचलणं हे पात्याचं काम, आपलं नाही. आपण पातं खाली येऊ द्यायचं: पाय जवळ, वजन डाव्या पायावर आणि ते शेवटपर्यंत तिथेच, चेंडू उजव्या पायाकडे, हात चेंडूच्या किंचित पुढे. आणि हात हलवायचा तो पटसारखाच. आधी चेंडू, मग माती. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

हे बरोबर होतंय की नाही ते कसं कळणार? यासाठी दिवाळीसारखा दुसरा मोसम नाही. बहिणीच्या डब्यातली मूठभर रांगोळी घेतली आणि बांधीत एक हातभर रेघ ओढली. चेंडू ठेवायचाच नाही. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहून नुसती काठी फिरवायची आणि मातीवर ओरखडा कुठे उठतो ते बघायचं. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, उठला तर चेंडू नीट लागला असता. रेघेच्या मागे उठला तर तुम्ही पुंजण्यात चेंडू घालणाऱ्यांपैकी. माझे पहिले नऊ ओरखडे मागे होते. दहावा रेघेवर. वीस-पंचवीस वेळा केल्यावर शरीर आपोआप पुढे सरकायला शिकतं, सांगावं लागत नाही. मोठ्या फटक्यालाही हीच रेघ चालते. मी तर म्हणेन, एवढा एकच सराव केला आणि बाकी सगळा लेख विसरला तरी चालेल.

भाचा मात्र तिसऱ्याच प्रयत्नात चेंडू स्वच्छ मारायला लागला. मी बारकाईने बघितलं तर त्याचं डोकं हलत नव्हतं. हवेत उडालेली विटी टोलावणाऱ्या पोराला नजर ठरवायला शिकवावं लागत नाही. स्थिर पडलेला चेंडू त्याला पोरखेळ. शिवाय फटका मारल्यावर चेंडू कुठे गेला हे बघायची त्याला घाई नव्हती. लागला की लागला. माझ्या वयाच्या माणसाला निकाल आधी हवा असतो, म्हणून मान वर उचलली जाते आणि तिच्यामागून खांदा. त्याने चेंडू थांबल्यावर सात नंबरच्या काठीने इटीदांडूसारखं अंतर मोजायला घेतलं: वकट, लेंड, मुंड. मी त्याला म्हटलं, गोल्फमध्ये असं मोजत नाहीत. तो म्हणाला, मग काठी एवढी लांब कायले ठेवली?

ज्यांना वाटतं की असं बांधीत खेळणं म्हणजे खेळाची थट्टा, त्यांनी मुंबईकडे बघावं. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७चा. तिथे साहेबांच्या पिशव्या वाहणारे कॅडी आसपासच्या वस्त्यांत राहतात. त्यांनी वस्तीच्या गल्लीबोळात स्वतःचा गोल्फ उभा केला. सळई वाकवून काठी, हलका प्लास्टिकचा चेंडू, खड्डा किंवा आखलेली जागा म्हणजे भोक. चेंडू पत्र्यावरून, गटारावरून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून. 'स्लम गोल्फ' म्हणून त्याचा गाजावाजा झाला, परदेशी छायाचित्रकार येऊन गेले. या कौतुकाचा मला थोडा कंटाळा येतो. पण खेळ म्हणून बघितलं तर त्यातून एक गोष्ट शिकायला मिळते. त्या पोरांकडे काठी एकच. नियमाप्रमाणे पिशवीत चौदा काठ्या ठेवता येतात आणि आपण चौदाही भरतो. एकाच काठीने आखूड, लांब, बुटका, उंच असे फटके काढायची वेळ आली की हात शहाणा होतो. घडण्याच्या वर्षांत एका काठीशी तासन्‌तास झटापट कितीतरी मोठ्या खेळाडूंनी केलेली असते.

मोठ्या फटक्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी कच्चा आहे. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे निशाणा. नवख्याला वाटतं फटका वाकडा जातो. बऱ्याचदा उभं राहणंच वाकडं असतं. शहरात यासाठी रंगीत काड्या विकत मिळतात. आपल्याकडे बांबूच्या दोन कामट्या पुरतात. एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याच्या दिशेने, दुसरी पायांच्या बोटांपाशी तिला समांतर. कामटीच्या निमित्ताने आठवलं: बांबू हे गवत, पण कायद्याने त्याला कितीतरी वर्षं झाड मानलं. वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला, २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना हाती यायला २०११ उजाडलं. असो, विषय गवताचाच आहे.

दुसरी गोष्ट लय. चांगल्या खेळाडूंची काठी मागे जायला जेवढा वेळ घेते त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात खाली चेंडूपर्यंत येते. मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणत मागे न्यायची आणि चारला चेंडू. मागे जाताना घाई केली की वरती काठी घुटमळते आणि मग खाली येताना ओढाताण. घाईच्या फटक्यात जोर दिसतो, असतो नाही.

आता जंगल. जगातल्या सगळ्या मैदानांवर लोक चेंडू झाडीत घालतात आणि मग दोन बुंध्यांच्या मधल्या वीतभर फटीतून थेट भोकाकडे मारायला बघतात. चेंडू बुंध्यावर आपटून आणखी आत येतो. एका फटक्याचं नुकसान पाच फटक्यांवर जातं. इथे झाडीपट्टीच्या माणसाला शिकवावं लागू नये. रानात वाट चुकली तर नाकासमोर कुणी चालत नाही. आल्या पावली मागे फिरून पायवाट गाठतात. चेंडूही तसाच, जिथून सगळ्यांत सोपं तिथून आडवा बाहेर काढायचा, मग पुढचं. एक फटका जातो, बाकी वाचतात.

नियमांत आमच्या भागासाठी एक कलम लिहून ठेवल्यासारखं आहे. चेंडूजवळ धोकादायक प्राणी असेल तर दंड न लागता चेंडू सुरक्षित जागी घेऊन खेळता येतो. उदाहरणं दिली आहेत ती विषारी साप, मधमाश्या, सुसरीच्या जातीतले ॲलिगेटर, आग्या मुंग्या आणि अस्वल. वाघ यादीत नाही. लिहिणाऱ्यांना ताडोबा ठाऊक नसावं. माकडाने चेंडू उचलून नेला तर मूळ जागी ठेवून खेळायचा, त्यालाही दंड नाही. आणि हरवलेला चेंडू शोधायला २०१९पासून तीन मिनिटं मिळतात, आधी पाच मिळत.

आपल्याकडे मला ती तीन मिनिटंही जास्त वाटतात. मोह वेचायला, तेंदू तोडायला, सरपण आणायला गेलेली माणसं ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथले जाणते सांगतात. ती माणसं पोटासाठी वाकली होती. शेचाळीस ग्रॅमच्या चेंडूसाठी झुडपात कुणी वाकू नये. चेंडू बांधाच्या पलीकडे गेला की गेला, दुसरा काढायचा.

मला अधूनमधून कुणी विचारतं की चांद्याला एखादं मोठं गोल्फचं मैदान व्हायला हवं का. माझं उत्तर नाही असं आहे. अठरा भोकांना पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते आणि उन्हाळाभर पाणी. पारा शेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो त्या जिल्ह्यात, जिथे माजी मालगुजारी तलावातलं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचावं म्हणून भावाभावांत वाद होतात, तिथे ते पाणी खेळाच्या गवताला देणं मला पटत नाही. कापलेली बांधी नोव्हेंबरपासून मोकळी असते, शाळेची मैदानं सकाळी मोकळी असतात आणि हिवाळा आमचा सुरेख. सात नंबरची एक जुनी काठी, एक पटर आणि वापरलेले चार चेंडू एवढ्यावर पुढची दोन वर्षं सहज निघतात. उरलेल्या बारा काठ्या घ्यायची घाई दुकानदाराला असते.

भाऊबीजेच्या रात्री गावात मंडईच्या जत्रेची तयारी सुरू झाली, वडशाहून नाटक कंपनीचा ट्रक आला आणि अंगणावरून इतकी माणसं गेली की सारवण उखडलं. पुढचं सारवेपर्यंत सराव बंद. तेव्हा वाचकहो, घरचं अंगण अजून ताजं असेल तर आजच पेला आडवा ठेवा, तीन पावलांवरून वीस चेंडू सोडा आणि किती आत गेले ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. माझे त्या दिवशी चार गेले होते. भाच्याचे नऊ.